तानकाट्याची जन्मकथा

रद्दीवाला दारात येतो, वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुतळीने बांधतो आणि खांद्यावरच्या पिशवीतून आपला काटा बाहेर काढतो. वर धरायला एक कडी, खाली एक आकडा, मधे उभी फट आणि त्या फटीत वरखाली सरकणारी खूण. गठ्ठा आकड्याला अडकवला की खूण खाली येते. मग घरातली मंडळी एका बाजूने वाकून पाहतात, रद्दीवाला दुसऱ्या बाजूने, आणि पाच की सव्वापाच यावर दोन मिनिटे बोलणे होते. हल्ली आकडे उजळून दाखवणारे काटे आले आहेत खरे, तरी हा जुना तानकाटा अजून पुष्कळांच्या पिशवीत सापडतो. आपला संशय असतो तो धरणाऱ्या हातावर. काट्याच्या पोटात काय आहे, हे आपण सहसा विचारीत नाही. पोटात ना वजने, ना पारडी. पोलादी तारेचे एक वेटोळे आहे, बस्स!

आता तुम्हीच सांगा, या वेटोळ्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? वाण्याचा तराजू आपल्याला समजतो. इकडे वजन, तिकडे गूळ, दांडी सरळ झाली की हिशेब पुरा. तानकाट्यात मात्र वजनाचे रूपांतर लांबीत झालेले असते. पाच किलोला खूण इतकी खाली आली, तर दहा किलोला बरोबर दुप्पट खाली येईल, असे गृहीत धरूनच त्या फटीच्या कडेला सारख्या अंतरावर रेघा मारलेल्या असतात. हे गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? घरातली रबराची नाडी ताणून पाहा. ती काही असल्या शिस्तीने वागत नाही.

तो अधिकार ज्याने दिला त्याचे नाव रॉबर्ट हूक. (इंग्रजीत आकड्यालाही हूकच म्हणतात, पण ते केवळ नामसाम्य.) इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचे बेट आहे, त्या बेटावर फ्रेशवॉटर या गावी १६३५ साली त्याचा जन्म झाला. बाप चर्चमधला धर्मोपदेशक. मुलगा प्रकृतीने अगदी तोळामासा, पण हाताचा मोठा कसबी. तेरा वर्षांचा असताना बाप गेला आणि पोरगा लंडनला आला. काही दिवस एका नामांकित चित्रकाराकडे काढले, मग शाळा, मग ऑक्सफर्ड. तिथे रॉबर्ट बॉईल या श्रीमंत संशोधकाने त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतले. बॉईलच्या नावाने हवेच्या दाबाचा जो नियम आपण शाळेत शिकतो, त्यामागच्या प्रयोगांचा हवा उपसणारा पंप हूकच्या हातचा होता.

१६६२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग दाखवण्याच्या कामावर नेमले. काम काय? तर दर बैठकीला तीन-चार नवे प्रयोग करून दाखवायचे. दर आठवड्याला तीन-चार नवे प्रयोग! आजच्या एखाद्या प्राध्यापकाला अशी अट घातली तर तो दुसऱ्या दिवशी राजीनामा देईल. हूकने ही चाकरी वर्षानुवर्षे केली. १६६५ साली त्याचा सूक्ष्मदर्शकाचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यात बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना त्याने जे नाव दिले तेच आजही पेशीला इंग्रजीत चालते. १६६६ च्या आगीत लंडन जळून खाक झाले, तेव्हा नव्या शहराची मोजणी करणाऱ्यांतही तो होता. इतक्या दिशांना पळणाऱ्या माणसाचे एकही काम शेवटाला जात नाही अशी तक्रार त्याच्या हयातीतच होती, आणि ती अगदीच खोटी होती असेही म्हणवत नाही.

तर या माणसाला स्प्रिंगचे वेड होते, आणि त्या वेडाच्या मुळाशी होते घड्याळ. त्या काळच्या खिशातल्या घड्याळाला स्प्रिंग होती, पण ती चाके फिरवण्यापुरती. चाल सांभाळणारे काही नव्हते. दिवसाकाठी पाव तास इकडे तिकडे झाला तर कोणी दचकत नसे. भिंतीवरच्या घड्याळाला लंबक मिळाला होता. पण लंबक काही खिशात घालून बोटीवर चढता येत नाही, आणि दर्यावर्दी राष्ट्रांना तर समुद्रावर नेमकी वेळ सांगणारे घड्याळ हवे होते. हूकने विचार केला : लंबकाला जे काम गुरुत्वाकर्षण करते, तेच तोलचक्राला बारीक स्प्रिंगने का करून देऊ नये? स्प्रिंग ताणली की ती पूर्वस्थितीकडे ओढते, दाबली की ढकलते. मात्र एक अट आहे. दुप्पट ताणली तर ओढही नेमकी दुप्पट झाली पाहिजे. तसे झाले तरच झोका लहान असो वा मोठा, त्याला लागणारा वेळ सारखा राहील. नाहीतर घड्याळ आज पुढे, उद्या मागे.

म्हणजे सगळा डाव त्या एका अटीवर आला. आणि तारा, वेटोळी, लाकडे ताणून-वाकवून त्याने पाहिले, तो ती अट निसर्ग पाळीत होता!

हा शोध आपल्याला १६६० च्या सुमारास लागला, असे हूक सांगतो. त्याने तो छापला १६७८ साली. मधली अठरा वर्षे तो गप्प का बसला? त्याच्याच सांगण्याप्रमाणे, घड्याळाचे पेटंट घेण्यासाठी बॉईल आणि आणखी दोन वजनदार गृहस्थांशी त्याचे बोलणे चालले होते. करारात अशी एक मेख निघाली की पुढे कोणी या घड्याळात सुधारणा केली तर नफा त्या सुधारणाऱ्याला मिळावा. हूक बिथरला. सुधारणा काय, उद्या कोणीही करील! बोलणी फिसकटली आणि त्याने आपली विद्या पेटीत कुलूपबंद करून ठेवली.

आणि १६७५ च्या सुरुवातीला पॅरिसहून बातमी आली की ख्रिस्तियान हायगेन्स या डच पंडिताने तोलचक्राला नागमोडी स्प्रिंग बसवून घड्याळ तयार केले. हायगेन्सनेही आपली युक्ती रॉयल सोसायटीचे चिटणीस ओल्डनबर्ग यांच्याकडे आधी कोड्यात कळवली होती. हूकच्या अंगाचा तिळपापड झाला. ओल्डनबर्गनेच माझी गुपिते परदेशी पोचवली, असा त्याने जाहीर आरोप केला. राजाला आपला अग्रहक्क पटावा म्हणून लंडनचा नामवंत घड्याळजी टॉम्पियन याच्याकडून त्याने घाईघाईने एक घड्याळ करवून घेतले. भांडण मिटले नाहीच. ओल्डनबर्ग १६७७ मध्ये वारला; हायगेन्सचे नाव घड्याळाशी कायमचे जोडले गेले.

या भांडणाच्या भरातच हूकने ते सुप्रसिद्ध कोडे छापले. १६७६ सालच्या एका पुस्तकाच्या शेवटी, सूर्याकडे पाहण्याच्या दुर्बिणींबद्दलच्या त्या पुस्तकात, त्याने आपल्या न छापलेल्या शोधांची एक यादी दिली आणि तीत नुसती अक्षरे टाकली : सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी, यू आणि व्ही. चौदा अक्षरे, वर्णानुक्रमाने मांडलेली. वाचणाऱ्याने डोके खाजवावे! तेव्हाचा हा रिवाजच होता. गॅलिलिओने शनीबद्दलचा आपला शोध असाच अक्षरांच्या गाठोड्यात बांधून पाठवला होता. उद्या दुसऱ्या कोणी तोच शोध लावला तर गाठोडे सोडून दाखवायचे आणि म्हणायचे, हे पाहा, माझे आधीचे आहे. शोध सांगायचा तर आहे आणि सांगायचा तर नाही, अशा माणसाची ही तडजोड.

दोन वर्षांनी हूकने गाठोडे सोडले. ती चौदा अक्षरे जुळवली की चार छोटे लॅटिन शब्द होतात, आणि त्यांचा भावार्थ एवढाच की जसा ताण, तसे बळ.

१६७८ च्या त्या छोट्या पुस्तकात, 'पूर्वस्थिती आणणाऱ्या शक्ती'वरच्या व्याख्यानांत, त्याने प्रयोगाची कृती दिली आहे, आणि ती वाचताना गंमत वाटते. कारण आजही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जवळजवळ तीच कृती आहे. एकसारखी ओढलेली पोलादी, लोखंडी किंवा पितळी तार घ्या. सारख्या जाडीच्या दांड्यावर गुंडाळून तिचे वेटोळे करा. टोकांना फासे करा. एक फासा खिळ्याला अडकवा, दुसऱ्याला वजन टांगा. स्वतःच्या वजनाने वेटोळे जितके लांबेल त्याच्यापुढे वजनाने ते किती लांबते ते पाहा. एका वजनाला एक मात्रा लांबले तर दोन वजनांना दोन, तीनांना तीन. वेटोळ्याच्या स्वतःच्या वजनाची त्याने ठेवलेली ही आठवण ध्यानात असू द्या. पुढे तिची गरज पडणार आहे.

वेटोळे झाले की मग तो घड्याळाची नागमोडी स्प्रिंग घेतो. मग वीस, तीस, चाळीस फूट लांबीची सरळ तार खिळ्याला टांगतो, तिच्या टोकाला पारडे बांधतो, आणि पारड्याच्या बुडापासून जमिनीपर्यंतचे अंतर कंपासाने मोजत वजने वाढवीत जातो. सरळ तार इतकी थोडी लांबते की तिला चाळीस फूट केल्याशिवाय ते लांबणे डोळ्याला दिसत नाही, म्हणून हा खटाटोप. मग वाळलेली लाकडी पट्टी आडवी बसवून तिचे मोकळे टोक वाकवतो. धातू, लाकूड, दगड, भाजलेली माती, केस, शिंग, रेशीम, हाड, काच — सगळ्यांना हाच नियम लागू, असे तो बजावून सांगतो. इथे त्याने हात जरा सैल सोडला. केस आणि रेशीम इतके आज्ञाधारक नसतात, आणि पोलादसुद्धा एका मर्यादेपर्यंतच ऐकते. ती मर्यादा ओलांडली की तार पूर्वस्थितीला येत नाही, लांबलेली ती लांबलेलीच राहते. रद्दीवाल्याच्या काट्याला कोणी पोरगे लोंबकळले, तर त्या काट्यावर पुन्हा भरवसा ठेवू नये तो यासाठी.

आणखी एक. हूकच्या पुस्तकात स्प्रिंगचा 'स्थिरांक' नाही. वजन आणि लांबणे यांचे प्रमाण त्याला पुरेसे होते. अमुक स्प्रिंग किती ताठ, हे एका आकड्यात सांगण्याची रीत त्याच्या मागाहून रुळली. तारेच्या आकाराचा भाग वेगळा काढून नुसत्या धातूचा ताठपणा बोलण्याची भाषा टॉमस यंगच्या १८०७ सालच्या व्याख्यानांनी प्रचारात आणली.

आता थोडे माझे सांगतो.

कॉलेजात पहिल्या वर्षाला हा प्रयोग माझ्या वाट्याला आला, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. स्टँडला स्प्रिंग टांगलेली, तिला दर्शक, मागे मोजपट्टी. वजन नसताना दर्शक २०.० सेंटिमीटरवर. पन्नास ग्रॅम लावले, २१.२. शंभर लावले, २३.७. दीडशेला २६.१, दोनशेला २८.६. म्हणजे दर पन्नास ग्रॅमला जवळजवळ २.४५ सेंटिमीटर, छान सरळ रेघ. पण पहिल्या पन्नासला फक्त १.२! आलेख काढला तर रेघ मूळबिंदूतून जाईना. पुस्तकात तर ती ठळकपणे मूळबिंदूतून गेलेली. तास संपत आला होता. मी इकडे तिकडे पाहिले, रबराने २०.० पुसले आणि तिथे १८.८ लिहिले. रेघ मुकाट्याने मूळबिंदूतून गेली.

आमच्या प्रयोगशाळेतले सर वही तपासायला बसले. आकड्यांवरून बोट फिरवता फिरवता एका ठिकाणी थांबले.

"हे १८.८ कुठे वाचलेस?"

"मोजपट्टीवर, सर."

ते काही बोलले नाहीत. उठले, स्टँडपाशी गेले, सगळी वजने काढली. दर्शक २०.० वर. मग त्यांनी वीस ग्रॅमचे वजन हळूच अडकवले. दर्शक २०.० वर! जागचा हललाच नाही. मला वाटले कुठेतरी अडकला आहे. सरांनी बोटाने स्प्रिंगला टिचकी मारली, तरी तिथेच.

"वेढे बघ," ते म्हणाले. "एकमेकांना चिकटून बसलेत ना? गुंडाळतानाच तारेला पीळ दिलाय, त्यामुळे ते आतून एकमेकांना दाबतात. पंचवीसेक ग्रॅम ओझे नुसती ही मिठी सोडवण्यात जाते. त्यानंतर स्प्रिंग ताणायला लागते. तुझी स्प्रिंग खरे सांगत होती रे. तूच तिला खोटे बोलायला लावलेस."

शिक्षा काही केली नाही. पण तो प्रयोग मला पुन्हा करावा लागला, आणि दुसऱ्या रीतीनेही करावा लागला. ती रीत अशी : वजन खाली ओढून सोडायचे आणि झोक्यांचा वेळ मोजायचा. स्प्रिंग ताठ असेल तर झोके जलद, मऊ असेल तर सावकाश. माझ्या रेघेच्या उतारावरून स्प्रिंगचा ताठपणा २० न्यूटन दर मीटर निघत होता. मूळबिंदूच्या भानगडीने उताराला काही बाधा येत नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आले. एवढ्या ताठपणाच्या स्प्रिंगला पाचशे ग्रॅम लावले तर गणिताने वीस झोक्यांना १९.९ सेकंद लागायला हवेत. घड्याळ दाखवी २०.३. पुन्हा मोजले, पुन्हा २०.३. या खेपेला मात्र मी रबर खिशात ठेवले आणि सरांकडे गेलो. ते म्हणाले, "स्प्रिंग तोल." स्प्रिंग साठ ग्रॅम भरली. वजनाबरोबर स्प्रिंगही नाचत असते. खालचे टोक पुरते, वरचे मुळीच नाही, आणि हिशेब करता तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग नाचणाऱ्या ओझ्यात धरावा लागतो. पाचशेचे पाचशे वीस केले, आणि गणित २०.३ वर येऊन बसले. हूकने वेटोळ्याच्या वजनाची आठवण ठेवली होती, मी ठेवली नव्हती.

परत हूककडे येऊ. त्याने १६७८ च्या पुस्तकात एका काट्याचेही वर्णन केले आहे. वजने न टाकता, नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर वजन सांगणारा तो काटा, म्हणजे आपला तानकाटाच. पण तो त्याने रद्दी किंवा कांदे तोलण्यासाठी योजला नव्हता. पृथ्वीच्या मध्यापासून लांब गेले की वस्तूचे वजन कमी होते काय, हे त्याला पाहायचे होते. तराजूने हे कळणे शक्य नाही, कारण डोंगरावर नेला तर दोन्ही पारडी सारखीच हलकी होतात आणि दांडी सरळच राहते. स्प्रिंगची ओढ मात्र पृथ्वीवर अवलंबून नाही. न्यूटनचा महाग्रंथ निघायला तेव्हा नऊ वर्षे अवकाश होता, हे लक्षात घ्या.

हे त्याला दिसले असते का? आज आपण हिशेब करू शकतो. लंडनच्या आगीचे स्मारक म्हणून हूक आणि रेन यांनी उभारलेला स्तंभ सुमारे ६१ मीटर उंच आहे. साठ किलो वजनाचा माणूस त्याच्या माथ्यावर चढला, तर तानकाट्यावर तो सुमारे एक ग्रॅमने हलका भरेल. हूकची स्प्रिंग ओझ्याने तीस सेंटिमीटर लांबलेली असेल, तर वर नेल्यावर तिचे लांबणे किती कमी होईल? एका मिलिमीटरचे १७० भाग केले तर त्यातला एक. कंपासाने जमिनीपासूनचे अंतर मोजणाऱ्या माणसाला ते कुठून दिसणार? कल्पना बरोबर होती, डोळा अपुरा पडला.

तो डोळा मिळायला अडीचशे वर्षे लागली, आणि तो मिळाला अगदी अनपेक्षित जागी. १९३२ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात लुसियन लाकॉस्ट नावाचा एक विद्यार्थी होता. त्याच्या शिक्षकांनी, अर्नोल्ड रोमबर्ग यांनी, त्याला भूकंपाचा उभा हेलकावा नोंदवणारे, फार सावकाश झुलणारे यंत्र योजायला सांगितले. लाकॉस्टला गणितात असे आढळले की ज्या स्प्रिंगची ओढ तिच्या लांबण्याशी नव्हे, तर तिच्या पुऱ्या लांबीशी प्रमाणात असेल, तिने हे काम होईल. म्हणजे जणू न ताणलेली असताना जिची लांबी शून्य आहे अशी स्प्रिंग! अशी वस्तू जगात कशी असणार? पण तार गुंडाळतानाच तिला पीळ दिला, वेढे एकमेकांना गच्च दाबून बसवले, आणि ती मिठी नेमकी हव्या त्या बळाची ठेवली, तर वेढे सुटल्यानंतर स्प्रिंग हुबेहूब तशी वागते. १९३४ साली त्याने हे प्रसिद्ध केले. पुढे गुरुशिष्यांनी मिळून याच स्प्रिंगवर गुरुत्वमापके बनवली. जमिनीखाली तेल कुठे आहे, खडक कुठे जड आणि कुठे हलका, हे शोधणारे लोक ती यंत्रे घेऊन देशोदेशी हिंडले. त्यांतली चांगली यंत्रे वजनातला दहा कोटींत एक एवढा फरक ओळखत. यंत्र जमिनीवरून उचलून वीतभर वर ठेवले तरी त्याला कळे.

माझ्या वहीतली ती हट्टी पहिली नोंद याच मिठीची होती.

हूक १७०३ साली ग्रेशॅम कॉलेजातल्या आपल्या खोलीत वारला. आयुष्यभर काटकसरीत राहिलेल्या या माणसाच्या मागे पेटीत हजारो पौंड निघाले. खात्रीने त्याचे म्हणता येईल असे एकही चित्र उरलेले नाही. घड्याळाच्या बाबतीत तो उगाच कांगावा करत होता, असेच पुष्कळ दिवस मानले जाई. पुढे २००६ साली इंग्लंडमध्ये हॅम्पशर परगण्यातल्या एका घरात त्याच्या हस्ताक्षरातले एक जुने बाड सापडले. रॉयल सोसायटीच्या बैठकींच्या टिपणांच्या त्याने केलेल्या नकला त्यात होत्या. लिलावात जाण्याच्या बेतात असताना सुमारे दहा लाख पौंड मोजून ते सोसायटीसाठी घेण्यात आले. त्यात १६७० सालच्या एका बैठकीची नोंद निघाली : हायगेन्सच्या बातमीच्या साडेचार वर्षे आधी, श्रीयुत हूक यांनी स्प्रिंगवर चालणारे आपले घड्याळ सभासदांना दाखवले होते.

माझी वही अजून आहे. १८.८ वर तांबड्या शाईची काट आहे आणि बाजूला माझ्याच अक्षरात २०.० लिहिले आहे. त्या पानावरची रेघ मूळबिंदूला टाळून पंचवीस ग्रॅमपाशी अक्षाला मिळते.